शेवटचे प्रकरण आम्ही छापले

लढाईत कागद महागला आणि आमचे दाते एकाएकी पुस्तकांवर प्रेम करू लागले. त्याआधी धुळ्यातल्या कुठल्याही घरी गेलो की बाई माजघरातूनच ओरडत, "आलात का भाऊ? ती कोपऱ्यातली अडगळ तेवढी घेऊन जा हो!" आता तीच अडगळ त्यांना सरस्वती वाटू लागली आहे, आणि ही सरस्वती महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याच्या तागडीत बसून निघून जाते. त्यामुळे मला सध्या रिकामा वेळ बराच आहे, आणि संपादकांनी "आपल्या सेवाकार्याचे अनुभव" लिहायला सांगितल्यावर मी नाही म्हटले नाही.

सेवाकार्य हा शब्द ऐकून आमच्या घरात हशा झाला. मी जिनातला काटेवाला. जीन म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी झाली की गावोगावच्या कापसाच्या गाड्या येत. फाटकापासून आग्रा रोडपर्यंत रांग लागे. गाडी काट्यावर घ्यायची, वजन करायचे, चिठ्ठी द्यायची, हे माझे काम. नंबर लागेपर्यंत बैल सोडलेले, आणि माणसे गाडीखाली आडवी. करायला काही नाही म्हणून पत्ते, आणि पत्त्यांनंतर मारामारी. एकदा एका म्हाताऱ्याने चिठ्ठी माझ्यासमोर धरून विचारले, "भाऊ, हाई मनंच नाव शे का दुसरानं?" मी त्याला त्याच्या नावाची तीन अक्षरे धुळीत काढून दाखवली. तो गेला आणि त्याच्या मागचा आला, "आते मनं काढा." त्या हंगामात रांगेत मारामाऱ्या कमी झाल्या, म्हणून मालकांनीही कानाडोळा केला. आमची शाळा अशी गाड्यांच्या सावलीत सुरू झाली.

पण अक्षरे आली की माणसाला वाचायला काहीतरी लागते. गाड्या येताना कापसाने भरलेल्या आणि जाताना रिकाम्या. तेव्हा शहरातल्या घरांतली जुनी पुस्तके गोळा करायची आणि परतीच्या गाड्यांतून गावांकडे धाडायची, एवढेच आमच्या धंद्याचे मर्म. त्यात मी नवीन काही शोधले नाही. बैल जाणारच होते.

लोक दान काय देतात हे सांगितले तर तुम्हांला खोटे वाटेल. सावत्र आईने पोराला वाढावे तसे देतात. जुने कायद्याचे निकाल, विलायती बियाण्यांचे सूचीपत्र, औषधांच्या कंपनीची जाहिरात, वाळवीने नक्षी काढलेल्या पोथ्या. टोपलीभर पुस्तकांत वाचण्याजोगी दोन निघाली तर तो दिवस चांगला. गाडीवानांनी आम्हांला "पुस्तकना जीन" असे नाव ठेवले होते ते अगदी योग्य होते. आमच्याकडे सरकीच फार यायची.

तरी मी काही टाकून देत नसे, आणि त्यामुळे एकदा घोटाळाही झाला. साक्रीकडच्या एका शेतकऱ्याने दुसरे काही उरले नाही म्हणून रेल्वेचे जुने वेळापत्रक नेले. गड्याने ते पोथीसारखे वाचले. पुढे कधीतरी त्याला मेहुण्याच्या लग्नाला जायचे होते. त्याने वेळापत्रकातली गाडी निवडली आणि बायकामुलांसह धुळ्याच्या स्टेशनावर जाऊन बसला. ती गाडी केव्हाच बंद झालेली. स्टेशनमास्तरांनी तसे सांगितले, तर याने पान उघडून त्यांच्या नाकाशी धरले, "छापेल शे ना? मंग गाडी लई या!" लग्न चुकले, पण माझ्याकडे आला तेव्हा त्याचा राग माझ्यावर नव्हता, रेल्वेवर होता. छापलेले खोटे असू शकते हे त्याच्या मनाला शिवलेच नाही. ही गोष्ट मी तेव्हा हसून सोडून दिली.

मंडळ म्हणावे असे आमचे मंडळ झाले ते अक्कांमुळे. अक्का म्हणजे नानासाहेब वकिलांची बायको. नानासाहेब आमचे अध्यक्ष. त्यांनी मंडळाला इतके लांब नाव दिले की रबरी शिक्का करणाऱ्याने ते निम्म्यात तोडले आणि आमच्या सगळ्या पुस्तकांवर नुसते "सार्वजनिक ग्रंथदान व" एवढेच उमटू लागले. त्या "व" च्या पुढे काय, असे पुष्कळ जण विचारत. अक्का म्हणत, "व काही नाही."

नानासाहेबांच्या दिवाणखान्यात काचेचे मोठे कपाट होते आणि त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला. वाचन किती आवश्यक आहे यावर ते दर वर्षी भाषण करीत, पण त्या कपाटातले पुस्तक कोणाला देत नसत. अक्कांनी मात्र सोनाराकडून दुसरी किल्ली करून घेतली होती. कपाटात पुस्तकांच्या दोन रांगा होत्या. अक्का मागची काढीत आणि पुढची जशीच्या तशी ठेवीत. मागची रांग संपून कितीतरी महिने झाले तरी नानासाहेबांना पत्ता नव्हता. कित्येक पुस्तकांची पाने छापखान्यातून आली तशी जोडलेलीच असत, कोणी सुरीने फाडलेली नसत. त्या काळी नवे पुस्तक वाचायचे तर आधी पाने फाडावी लागत. "यांनी हे दोनदा वाचलंय, बरं का," असे म्हणत अक्का मला ती देत आणि वर सुरीही देत.

त्याच मागच्या रांगेतली एक कादंबरी धोंडू आबांच्या गाडीतून गेली आणि पुढचे सगळे घडले.

धोंडू आबा साक्री रस्त्यावरच्या एका गावचे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पंचांची नातवंडे आता दिवाळी अंक वाचतात. माणूस बोलायला थोडा, पण रांगेत कोणाचा बैल बसला तर आधी उठणारा. त्या दिवशी माझ्याजवळ पुस्तकांची टोपली होती. आबांनी ती कादंबरी उचलून वजन केल्यासारखी हातात तोलली.

"माले वाचता येस नही," ते म्हणाले, "पन मनी हिरा वाचस. तीले देस."

हिरा म्हणजे त्यांची लेक. लहानपणी ती मामाकडे पाचोऱ्याला राहिली होती आणि तिथल्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकली होती. ती आता माहेरी आली आहे एवढेच त्यांनी सांगितले. मी जास्त विचारले नाही.

पुढच्या महिन्यात आबांची गाडी पुन्हा आली. मी सवयीने काट्यावर घेतली, आणि पाहतो तर गाडीत कापसाचे बोंडसुद्धा नाही, सगळी माणसे! दोन म्हातारे, गावचा सुतार, तीन बाया आणि डोक्यावरचा पदर सावरीत बसलेली हिरा. सुतार आधी उतरला.

"भाऊ, ती पोरनं पुढे काय व्हयनं?"

"कुठली पोर?"

"पुस्तकमानी! बापनी दार उघाडं का नही, तेवढं सांगा, मंग आमी जातस."

मग उलगडा झाला. हिरा रोज तिसऱ्या प्रहरी घराच्या ओट्यावर कादंबरी मोठ्याने वाची आणि ऐकायला अर्धे गाव जमे. कादंबरीतल्या सुमतीला सासरी छळतात. एका संध्याकाळी ती घर सोडून चालत बापाच्या दाराशी येते आणि कडी वाजवते. "आतून पावलांचा आवाज आला आणि" इथे पान संपले होते, आणि पुस्तकही. शेवटचे प्रकरणच नव्हते. हिराने मला ती वेडीवाकडी फाटलेली कड दाखवली. गावात दोन तट पडले होते. सुतार म्हणत होता, बाप दार उघडेलच. म्हाताऱ्यांचे म्हणणे, शहाणा बाप असेल तर आतूनच परत जा म्हणून सांगेल. यावरून सुताराचे आणि एका म्हाताऱ्याचे बोलणे बंद झाले होते.

मला हसू येत होते. आबा मात्र हसत नव्हते. बाकीचे चहाला गेले तेव्हा ते मागे थांबले.

"भाऊ," ते म्हणाले, "हिराले नवरानी मारं. हात मोडेल व्हता तिना. ती चालत उनी. तिनी पोर, सोनी, त्यासनी तठेच ठी लिधी. आते ते लोके म्हनतस, बाईले परत धाडा. पुढला बाजारनंतर पंच बसनार शेतस. मना भाऊबी म्हनतस, धाडी द्या, गावमा नाक कापास."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनस, नही धाडाव. पन मना तोंडनं कोन आयकस? पुस्तकमा छापेल ऱ्हास ते बठ्ठा मानतस."

एवढे बोलून ते बैल जोडायला गेले. मी काट्यापाशी उभाच राहिलो. हिरा गाडीत चढताना पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून होती. त्या गोष्टीचा शेवट तिला वाचायचा होता आणि नव्हताही, असे मला वाटले.

मी तडक अक्कांकडे गेलो. त्या भरताची वांगी भाजून सोलीत बसल्या होत्या.

"अक्का, त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण कुठे गेलं असेल?"

"ते? ते मी फाडलं."

"मला वाटलं उंदरांनी खाल्लं."

"उंदरांना एवढी अक्कल असती तर!" अक्कांनी वांग्याचे देठ मोडले. "बाप दार उघडतो, तिला पतिव्रतेच्या धर्माचे चार शब्द सुनावतो आणि परत पाठवतो. ती परत जाते, सासूचे पाय चेपते आणि पुढच्याच पानावर क्षयानं मरते. मरताना सासू रडते, म्हणून गोष्ट गोड. मी ती पानं बंबात घातली. पाणी छान तापलं होतं त्या दिवशी."

मी त्यांना हिराची हकिकत सांगितली. अक्कांचे हात थांबले. मग हात धुऊन त्या दिवाणखान्यात गेल्या आणि नानासाहेबांच्या कुठल्याशा दाव्याचे पाठकोरे कागद घेऊन आल्या.

"पंच कधी बसणार?"

"पुढच्या बाजारानंतर."

"मग वेळ आहे. भाऊ, तिथले थोरले पंच दिसायला कसे आहेत हो?"

"मिशा पांढऱ्याशुभ्र. लाल मुंडासं. का?"

"काही नाही," म्हणून अक्का लिहायला बसल्या.

त्यांनी लिहिलेले मी वाचले तेव्हा घाबरलो. कथेत एकाएकी पंच आले होते. त्यांतल्या मुख्य पंचाला पांढऱ्या मिशा आणि लाल मुंडासे होते, आणि तो इतका न्यायी, इतका समजूतदार होता की देवळात बसवावा. मी म्हटले, "अक्का, मागच्या सगळ्या प्रकरणांत पंचांचा पत्ता नाही."

"आता आहे. उशिरा आले म्हणून काय झालं?"

छापायला दामूअण्णांकडे दिले. त्यांचा छापखाना म्हणजे लग्नपत्रिका आणि तमाशाच्या जाहिराती. हकिकत ऐकल्यावर त्यांनी मजुरीचा विषयच काढला नाही. बुडालेल्या एका पंचांगाचा पिवळट कागद पडून होता, तो त्यांनी काढला. कादंबरीच्या कागदाशी तो बऱ्यापैकी जुळला. पण दुसऱ्या दिवशी खिळे जुळवणारा जुळारी कपाळाला हात लावून बसला. ळ संपला होता. एका तमाशाच्या जाहिरातीत सगळे ळ अडकून पडले होते. दामूअण्णा म्हणाले, "बाईंना सांगा, ळ शिवाय लिहा." अक्कांनी ते आव्हान घेतले. "डोळे" चे "नेत्र" झाले, "जवळ घेतले" चे "उराशी धरले" झाले, आणि सुमतीला छळणाऱ्या सासूचे कृत्य "छळ" न राहता "जाच" ठरले. माझ्या मते त्याने भाषा सुधारली.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून निसटली. जुळाऱ्याला सवय लग्नपत्रिकांची. त्याने प्रकरणाच्या डोक्यावर आपोआप गणपतीचा ठसा बसवला. पाने छापून झाल्यावर ते लक्षात आले. पुन्हा छापायला कागद नव्हता. "असू दे," अक्का म्हणाल्या, "शेवट शुभ आहे."

मी पाने खळीने चिकटवली, वर पुठ्ठा दाबून ठेवला, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन स्वतः गावात गेलो.

मारुतीच्या देवळापुढे पंच बसले होते. एका बाजूला आबा, हिरा आणि आबांचे भाऊ. समोर हिराच्या सासरची मंडळी, नवरा, सासरे आणि मागे पदर तोंडाशी धरून सासू. सासूच्या मांडीवर सोनी होती. दोन-अडीच वर्षांची पोर, आईकडे पाहून हात पुढे करी आणि सासू तो खाली ओढी. बाकी सगळे गाव भोवताली. मी पुस्तक आणले आहे हे कळताच कुजबुज सुरू झाली आणि सुतार उभाच राहिला. "आधी शेवट वाचा!" थोरले पंच चिडतील असे मला वाटले. पण त्यांनीही ओट्यावर बसून ती गोष्ट ऐकली होती. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वाची टाका. नही तर लोके इकडे ध्यान देतीन नही."

एक म्हातारा मात्र पक्का होता. "छापेल शे का हातनं लिखेल?"

पुस्तक हातोहात फिरले. प्रत्येक जण पान डोळ्यांजवळ नेई. ते हिराच्या सासऱ्याकडे आले तेव्हा त्यांनी ते खूप वेळ हातात धरले. मग सावकाश म्हणाले, "हाऊ गनपती वळखीना शे."

त्या सासऱ्याच्या घरी दामूअण्णांच्या छापखान्यातली लग्नपत्रिका गेली असणार हे मला त्या क्षणी सुचले. आबांनी मान खाली घातली. पण थोरल्या पंचांनी पुस्तक काढून घेतले, गणपतीला हात जोडले आणि म्हणाले, "गनपती कोनना वळखीना नही? देव शे पानवर. खोटं कसं व्हई?"

हिरा वाचू लागली. आवाज पहिल्यांदा कापत होता.

"दार उघडले. बापाने कंदील वर धरला, लेकीचा चेहरा पाहिला आणि कंदील खाली ठेवला. तो म्हणाला, 'सुमती, आत ये. या घरातून तुझी पाठवणी झाली तेव्हा तुझी भाकरी पाठवली नव्हती. ती इथेच आहे.'"

बायांच्या बाजूने हुंदका आला. सुताराने म्हाताऱ्याकडे पाहिले. पुढे पंच आले. पांढऱ्या मिशा, लाल मुंडासे. सगळ्या गावाने एकदम मान वळवून थोरल्या पंचांकडे पाहिले. पंच ताठ बसले. पुस्तकातला पंच सांगत होता, ज्याने बाईवर हात उगारला त्याने तिला बोलावण्याचा हक्क गमावला. आमचे पंच मान डोलावीत होते, जणू ते स्वतःच बोलत होते. हिराचा आवाज आता कापत नव्हता.

यानंतर त्यांना वेगळा निकाल देणे शक्यच नव्हते. हिरा माहेरी राहील. तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न करायला पंचांची हरकत नाही. सासऱ्यांनी गणपतीचा विषय पुन्हा काढला नाही. सुताराने आरोळी ठोकली. मी मनात अक्कांना नमस्कार केला.

आणि मग थोरले पंच म्हणाले, "पोर बापना घरनी. ती तठेच ऱ्हाई."

हे कोणी विचारलेही नव्हते. पद्धतच तशी. हिराने पुस्तक मिटले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. कादंबरीतल्या सुमतीला मूल नव्हते. त्यामुळे आमच्या शेवटच्या प्रकरणात मुलाबद्दल एक ओळ नव्हती. ळ पुरत नाही म्हणून आम्ही दोन दिवस डोके फोडले होते, आणि हे एवढे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही. सासरच्यांची गाडी निघाली तेव्हा सोनी ओरडत होती. हिरा देवळाच्या खांबाला धरून उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिथेच होती.

आबा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "हिराना लगीननी पत्रिकावर हाऊच गनपती व्हता." आणि पुढे, "व्याह्यानी बी वळखा. पन त्यालेबी सून मारेल आवडेल नव्हती." एवढेच.

त्या वर्षी मंडळाच्या समारंभात नानासाहेबांनी ही हकिकत सांगितली. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यात एका कादंबरीने कसा न्याय घडवला, असे म्हणून ते पुढे म्हणाले, "त्या कादंबरीचा शेवट विद्यार्थिदशेपासून माझ्या अंतःकरणावर कोरला गेला आहे." अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला. तो शेवट आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच दाव्याच्या पाठकोऱ्यांवर लिहिला गेला हे नानासाहेबांना शेवटपर्यंत कळले नाही.

हिरा दोन महिन्यांनी माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, माले काम द्या. पुस्तकं ली जासू, परत ली येसू." आमच्याकडे तोवर पुस्तके परत येण्याचा काही नियम नव्हता. गाडीवान आणील तेव्हा आणील. हिराने नियम केला. ज्या घरी पुस्तक दिले, त्या घरी महिन्याने स्वतः जाऊन ते परत घ्यायचे आणि नवे द्यायचे. गाडीवानाच्या हाती द्यायचे नाही, हरवते. अक्कांना तो नियम फार आवडला. मलाही आवडला. आम्हां दोघांना वाटले, बाई कामाला किती पक्की!

ती आबांच्या गाडीतून गावोगाव फिरे. माझ्या यादीत एक गाव नव्हते, तिचे सासर. तिथे कोणी पुस्तक मागितलेच नव्हते. एके दिवशी ती मंगळवारच्या गाडीत टोपली चढवताना म्हणाली, "तठे बी देसू एक." मी तिच्याकडे पाहिले. तिने नजर टोपलीतच ठेवली होती.

त्या गावात तिने पाटलाकडे एक दिले, मास्तरांकडे एक दिले आणि तिसरे मुळाक्षरांचे चित्रांचे पुस्तक आपल्या जुन्या सासूच्या हातावर ठेवले. सासूने ते घेतले कसे? हिराने नंतर मला सांगितले. ती म्हणाली होती, "हाई फुकट नही. महिनानी परत लेवाले येसू, मंडळना कायदा शे." सासूला कायद्याचा धाक होता आणि चित्रातला हत्ती सोनीने पाहिला होता. झाले. त्यानंतर दर महिन्याला मंडळाच्या कायद्याप्रमाणे हिराला त्या घरी जाणे भागच होते, आणि पुस्तक नीट ठेवले आहे की नाही हे पाहायला ओट्यावर बसणेही. सोनी मांडीवर येऊन पाने उलटी. पाने उलटता उलटता तिला अक्षरे येऊ लागली. तोवर सावत्र आई घरात आली होती. गरीब पोर होती बिचारी, तेरा-चौदा वर्षांची असेल. हिरा त्या दोघींना एकाच पाटीवर शिकवी. अक्का हे ऐकून म्हणाल्या, "भाऊ, त्या बाईनं आपल्याला नोकरीला ठेवलं, आपण तिला नाही."

आम्हांला वाटले असेच चालेल. महिन्यातून एकदा मांडीवर पोर, मग परत टोपली. तेवढ्यावर हिरा कधी तक्रार करीत नसे, आणि आम्ही पुढचे काही मागायला धजत नव्हतो.

मग पाचेक वर्षांनी एका सुगीत हिरा तापाने अंथरुणाला खिळली. दोन महिने ती त्या गावी गेली नाही. तिसऱ्या महिन्यात मी काट्यावर असताना त्या गावची कापसाची गाडी आली. कापसाच्या ढिगावर एक पोरगी बसली होती, दोन वेण्या, मांडीवर पुस्तक. सात-आठ वर्षांची. ती खाली उडी मारून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "पुस्तक सरी गयं. बदली द्या." सोनीच होती ती. आजीने तिला गाडीवानाबरोबर पुस्तक बदलायला पाठवले होते. मी तिला आबांच्या गाडीत बसवून हिराकडे धाडले आणि वर नवे पुस्तक ठेवले.

सोनी आईपाशी राहिली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मी रोज सासरच्या माणसांची वाट पाहत होतो. पोर घेऊन जायला येतील, पुन्हा पंच बसतील, आता कुठले प्रकरण छापायचे, अशी मला आणि अक्कांना धास्ती. शेवटी त्या गावचा एक गाडीवान निरोप घेऊन आला. निरोप आजीचा होता. मी त्याला दोनदा म्हणायला लावला.

"पोर ऱ्हाऊ द्या तठे. पन पुस्तक धाडा. धाकटी सून रोज वाची दखाडस, आते पुढे काय व्हयनं ते आयकाना शिवाय माले झोप येस नही."

मी त्याच्या गाडीत एक पुस्तक टाकले. मग परत बोलावून आणखी दोन टाकली.